ओढायची बॅटरी, दाबायची बॅटरी

गंगापूर रोडवर माझं चष्म्यांचं दुकान आहे. डोळे तपासायची खोली मागच्या बाजूला, एका माणसाला बसायला आणि दुसऱ्याला वाकायला पुरेल एवढीच. या धंद्यात वाकावं लागतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक काच घालायची, काढायची आणि दर वेळी विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं दिसत होतं. हे सगळं त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आणि मी तेव्हा दिवसभर सिगरेट ओढत असे. दुकानामागच्या जिन्यावर जायचं, ओढायची, तोंडात बडीशेप टाकायची आणि परत आत यायचं. लग्नाच्या आधीपासून हे असंच चाललं होतं आणि बडीशेपेवर माझा पूर्ण विश्वास होता.

तो विश्वास एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मोडला. त्या पंचवटीतून रिक्षा करून माझ्याकडे यायच्या. नंबर वाढलाय असं त्यांचं म्हणणं होतं. भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीवरच्या वरच्या ओळी त्यांनी घडाघडा वाचल्या आणि खालच्या ओळीशी अडखळल्या. मी काच बदलली, तरी अडखळल्या. आणखी जवळ जाऊन फ्रेम नीट बसवली, तर आधी वाचलेली ओळही त्यांना दिसेना. मला काळजी वाटली. हे नंबरचं काम नाही, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असं मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं. त्यांनी फ्रेम उतरवली, पदराने डोळे टिपले आणि शांतपणे म्हणाल्या, "मला चांगलं दिसतं. तुम्ही जवळ आलात की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून अक्षर पुसट होतं. तुम्हाला जरा त्या दाराशी उभं राहून काचा बदलता येतील का?"

दाराशी उभं राहून काचा बदलता येत नाहीत. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला हा प्रसंग सांगितला. ती हसली नाही. इतकी वर्षं मी तेच सांगत होते, पण माझ्याकडे शाळेतला आवाज नाही, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. सिगरेट सोडून ते नवीन वाफेचं यंत्र घेतलं तर चालेल का, असं विचारलं. त्यांनी सांगितलं की दोन्ही सोडा, वाफेचंही काही भलं नाही. मी त्यातला सिगरेट सोडण्याचा भाग तेवढा ऐकला.

तेव्हा ई-सिगरेट उघड मिळत असे. आमच्या रस्त्यावरच्या एका व्यापारी संकुलाच्या तळघरात तिचं दुकान होतं. दुकानदार तिशीचा, छातीपर्यंत दाढी राखलेला, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून या धंद्यात आलेला. काचेच्या कपाटात त्याने पेनांसारख्या, शिट्ट्यांसारख्या आणि छोट्या ट्रान्झिस्टरसारख्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. मी आत गेलो आणि सिगरेट सोडायची आहे असं म्हणालो. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. एखादं स्थळ बघायला आलेल्या माणसासारखं माझ्याकडे नीट पाहिलं.

"काका, पहिला प्रश्न," तो म्हणाला. "तुम्ही ओढणारे आहात की दाबणारे?"

मी म्हणालो, ओढणारा आहे म्हणून तर आलो.

मग त्याने समजावलं. या सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे बॅटरी. बाकीचं बदलता येतं, पण बॅटरी माणसाच्या स्वभावाला जुळली नाही की तो आठवड्यात परत सिगरेटवर जातो. एका प्रकारात काहीच करावं लागत नाही. तोंडाला लावून ओढलं की आतल्या बारीक पडद्याला हवेचा दाब कळतो आणि बॅटरी आपोआप चालू होते. दुसऱ्या प्रकाराला बटण असतं. बटण दाबून धरायचं आणि मग ओढायचं. ज्यांना आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटायला हवं, त्यांच्यासाठी ती. तिसरा प्रकार म्हणजे डबा. मुठीएवढा, आत सुटे सेल, बाहेर छोटा स्क्रीन, त्यावर वाफ कमीजास्त करायचे आकडे. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला की ते तुम्ही सध्या राहू द्या.

मी आपोआपवाली घेतली. ती हुबेहूब सिगरेटसारखी दिसत होती, थोडी जाड. ओढलं की टोकाला निळा दिवा लागायचा. तो लाल का नाही, असं मी विचारलं. लाल दिव्याने लोक दचकतात, असं उत्तर मिळालं. चव कुठली हवी हे त्याने विचारलं तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता द्राक्ष म्हणालो. नाशिकचा माणूस आणखी काय म्हणणार?

पहिले काही दिवस फार बरे गेले. जिन्यावर जाणं बंद झालं, बडीशेपेचा डबा भरलेला राहू लागला. मुख्याध्यापिकाबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या आणि जाताना दुकानात कुणी सरबत केलंय का, असं विचारलं. एकच गोष्ट मला खटकायची. सिगरेट संपते. ती संपली की माणूस उठतो आणि कामाला लागतो. ही संपतच नसे. तरीही मी खूश होतो. जो भेटेल त्याला खिशातून काढून दाखवत होतो.

सगळ्यात आधी दाखवली ती माझ्या मेहुण्याला. बायकोचं माहेर निफाडचं. तिच्या या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं मत तयार असतं. त्याने ती हातात घेऊन फिरवली, नाकाशी धरली आणि परत दिली.

"दाजी, हा वास द्राक्षाचा नाय," तो म्हणाला. "द्राक्षावर जे मारतो ना आपण, त्याचा हाय."

त्याच महिन्यात त्याच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं. निफाडलाच एका मंगल कार्यालयात. मी घरचा एकुलता एक जावई. त्यामुळे भगवा फेटा, रेशमी कुडता आणि नवऱ्या मुलाकडच्यांचं स्वागत करायला दाराशी पहिल्या रांगेत उभं राहायचं, असा हुकूम होता. कुडत्याला छातीवर एकच खिसा होता. त्यात मी माझी ती वस्तू ठेवली. आता इथे सांगायला हवं की सासऱ्यांसमोर मी कधीही सिगरेट ओढलेली नाही. ते फार कमी बोलणारे. आयुष्यभर बागेत राबलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांच्यासमोर मी खिशातली काडेपेटीसुद्धा कधी दिसू दिली नव्हती. लग्नाच्या दिवशी ते माझ्या शेजारीच उभे होते, हातात नवरदेवाचे पाय धुण्यासाठी पाण्याने भरलेला तांब्या घेऊन.

नवरदेवाची मिरवणूक आली. पुढे ढोलपथक होतं. नाशिकचा ढोल ज्याने जवळून ऐकलाय त्याला तो कानाने ऐकावा लागत नाही हे माहीत असतं. तो पोटात वाजतो. दाराच्या कमानीखाली वाद्यांचा आवाज कोंडला आणि ढोलवाले आमच्यापासून दोन हातांवर येऊन थांबले. पहिली थाप पडली तेव्हा माझ्या छातीवर काहीतरी निळं चमकलं. मला वाटलं, फोटोवाल्याचा दिवा असेल. दुसऱ्या थापेला पुन्हा चमकलं. मी खाली पाहिलं तर रेशमाच्या आतून दिवा लागत होता आणि विझत होता. ढोलाच्या ठेक्यावर, अगदी न चुकता.

मी वरून हात ठेवला. त्याने दिवा झाकला गेला, पण तेवढ्यात खिशाच्या तोंडातून वाफेची एक बारीक रेघ वर आली. मग दुसरी. समोर औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बाई थबकल्या आणि त्यांची नजर माझ्या छातीवर खिळली. मी त्यांच्याकडे पाहून हसलो. जावयाने हसायचं असतं. ढोलवाल्यांतल्या पुढच्या गड्याने आमची नजरानजर पाहिली आणि मला ठेका फारच आवडलाय असा अर्थ काढून वाजवणं वाढवलं. आता खिशातून सरळ धूर येऊ लागला. द्राक्षाचा घमघमाट सुटला. मागून कुणीतरी शांत, माहिती दिल्यासारख्या सुरात म्हणालं, "दाजी पेटले वाटतं."

सासऱ्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. त्यांनी उजव्या हाताने माझा खांदा धरला, डाव्या हातातला तांब्या उचलला आणि सगळं पाणी माझ्या छातीवर ओतलं.

ढोल थांबले. दिवा विझला. नवरदेव घोड्यावरून खाली उतरत होता, तो अर्ध्यावरच थांबला. मेहुण्याने तांब्या काढून घेऊन भरून आणायला पाठवला आणि पाच मिनिटांत विधी जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. लग्नात माणसं हे सगळं फार लवकर मागे टाकतात. फोटोवाला मात्र आल्बममध्ये सगळं ठेवतो. त्या आल्बमात एका पानावर सगळे नवरदेवाकडे बघून हसतायत आणि मी छातीवरून निथळतोय.

मी स्वयंपाकाच्या मांडवामागे जाऊन एका खुर्चीवर बसलो. थोड्या वेळाने सासरे टॉवेल घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले. मग खिशाकडे बोट दाखवून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही ओढता हे मला सोयरीक झाली तेव्हापासून ठाऊक हाय. तुमच्या गल्लीत चौकशी केली होती आम्ही. पण हे आपलं आपण ओढतं, ते काय हाय?"

मी त्यांना पडदा, हवेचा दाब, बॅटरी असं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. मग तुमचं काय काम उरलं, असं विचारून ते पंगतीकडे गेले.

सोमवारी मी तळघरात गेलो. दुकानदाराला आश्चर्य वाटलं नाही. मोठा आवाज म्हणजे हवेचा धक्काच, आतला पडदा हलतो आणि त्याला वाटतं कुणी ओढतंय, असं त्याने सांगितलं. माझ्या आधी एकाची गणपतीत अशीच डीजेसमोर चालू झाली होती म्हणे. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर तो म्हणाला की काका, तुम्ही नाचणाऱ्यांतले वाटला नाहीत.

या वेळी मी एकटा गेलो नव्हतो. मेहुणा बरोबर होता. लग्नात झाल्या प्रकाराची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली होती. बॅटरी निवडताना दाजींना एकटं सोडलं हीच चूक झाली, असं त्याचं म्हणणं होतं. फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, घरचा इन्व्हर्टर, सगळ्यांच्या बॅटऱ्या तोच बघतो. त्याने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती ॲम्पिअर? हिच्यात पाणी कधी टाकायचं? जुनी दिली तर किती कमी करणार? वॉरंटीचं कार्ड कुठाय? दुकानदार प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता आणि दाढीवरून हात फिरवत होता. पाणी टाकायचं नसतं हे ऐकल्यावर मेहुण्याचा चेहरा पडला. ज्या बॅटरीत पाणी टाकता येत नाही तिची निगा माणसाने राखायची कशी, हे त्याला कळेना.

मला बटणाची पेनासारखी हवी होती. दुकानदारही तेच सुचवत होता. पण मेहुण्याची नजर डब्यावर गेली होती. त्याने तो उचलून वजन बघितलं आणि त्याच्या तोंडावर प्रथमच समाधान दिसलं.

"घ्यायचं तर हे घ्या, दाजी. लय दणकट हाय. ते बाकीचं खेळणं हाय."

मी डबा घेतला. का घेतला हे मला आजही नीट सांगता येत नाही. दोन माणसं दोन बाजूंनी सल्ला देत असली की मी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. दुकानदाराने सुटे सेल ठेवायला प्लॅस्टिकची डबी दिली आणि किल्ल्यांच्या खिशात सेल टाकू नका, असं दोनदा बजावलं.

डब्याने माझे आठ-दहा दिवस खाल्ले. एकदा ओढून सोडलं की समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं, इतकी वाफ. स्क्रीनवरच्या आकड्यांशी खेळण्यात मला गोडी लागली होती. गिऱ्हाईक नसलं की तपासणीच्या खोलीत बसून आकडे वरखाली करायचो. एका दुपारी मुख्याध्यापिकाबाई मैत्रिणीला घेऊन आल्या. मैत्रिणीला मी खुर्चीत बसवलं, फ्रेम चढवली, काच घातली. पुसट दिसतं, म्हणाल्या. दुसरी घातली, तेच. मी पेटीतल्या निम्म्या काचा लावून बघितल्या. त्या बिचाऱ्या घाबरून विचारू लागल्या की मोतीबिंदू तर नाही ना. मुख्याध्यापिकाबाईंनी पेटीतली एक काच उचलली, खिडकीकडे धरली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला चिकट साय लागली. सगळ्या काचांवर वाफेचा पापुद्रा बसला होता.

"यांचे डोळे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या काचांना मोतीबिंदू झालाय."

ती पेटी स्वच्छ करायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. काचा पुसताना मी डबा गल्ल्याच्या खालच्या खणात टाकला आणि संध्याकाळी जाऊन बटणाची बॅटरी घेऊन आलो. तळघरातल्या दुकानदाराने एका शब्दानेही आठवण करून दिली नाही की हेच तो आधी सुचवत होता. फक्त, आज पाहुणे बरोबर नाहीत का, असं विचारलं.

बटणाची बॅटरी माझ्या स्वभावाची निघाली. तिला कुलूप होतं. बटण भराभर पाच वेळा दाबलं की ती बंद, परत पाच वेळा दाबलं की चालू. दिवसभरात मी ती इतक्यांदा उघडबंद करत असे की निम्म्या वेळेला ओढायचं राहूनच जायचं. दाबणं हाच मुख्य कार्यक्रम झाला. एकदा लिफ्टचं बटण मी पाच वेळा दाबलं आणि ती बंद झाली या समजुतीने जिन्याने वर गेलो. दुकानदाराने यंत्रात भरायच्या लिक्विडमधलं निकोटिनचं प्रमाण हळूहळू उतरवत आणलं. कधी उतरवलं ते मला कळलंही नाही. द्राक्ष सोडून मी पुदिन्यावर आलो होतो.

डब्याचे सेल मेहुणा घेऊन गेला. त्याने ते एका मोठ्या टॉर्चमध्ये बसवले आणि तो उजेड बघून सासऱ्यांनी टॉर्च स्वतःकडे ठेवून घेतली. पहाटे बागेत मोटर सुरू करायला जाताना ते ती घेऊन जातात.

मग एक दिवस सरकारने ई-सिगरेटवर बंदी घातली. मी बातमी दुकानात बसून वाचली आणि तसाच उठून तळघरात गेलो. दुकानदार कपाटं रिकामी करत होता. पुढे काय, असं मी विचारलं. मोबाइलची कव्हरं विकणार म्हणाला. माझी लिक्विडची बाटली संपत आली होती, पण त्याच्याकडे मागायला मला कसंतरी वाटलं आणि त्यानेही विचारलं नाही. चहा पिऊन निघालो.

बाटली संपल्यावर मी टपरीवर गेलो आणि एक सिगरेट घेतली. पेटवली, दोन झुरके घेतले. जुनी चप्पल जाळावी तशी चव आली. मी ती पूर्ण ओढायचा मनापासून प्रयत्न केला, कारण इतक्या वर्षांच्या ओळखीच्या वस्तूला असं टाकून देणं बरं वाटेना. पण जमलं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे मी घरात आणि दुकानात सगळ्यांवर खेकसत होतो. एका गिऱ्हाइकाला तर मी सांगितलं की तुम्हाला चष्म्याची गरज नाही, तुम्ही नीट बघतच नाही. तेही दिवस गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि अखेर पूर्ण ऐकलंत म्हणाले. मी नाही म्हणालो नाही.

घरी सगळे कौतुक करत होते, बायको मात्र कशात तरी अडकल्यासारखी वागत होती. काही दिवसांनी रात्रीचं जेवण झाल्यावर तिने भांडी आवरली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. काही चुकलं का, असं मी विचारलं.

"चुकलं काही नाही," ती म्हणाली. "सोडलीत ते फार चांगलं केलंत. पण इतकी वर्षं जेवण झालं की तुम्ही ओढायला बाहेर जायचात आणि मला घरात अर्धा तास एकटीला मिळायचा. आता तुम्ही इथेच बसता आणि माझ्याशी बोलता."

मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे, असं विचारलं. ओढू नका, पण जात जा, असं तिने सांगितलं.

तेव्हापासून जेवण झालं की मी चप्पल घालतो आणि खाली जातो. करण्यासारखं काही नसतं. गेटजवळच्या बाकावर आमच्या इमारतीतले आणखी दोघं बसलेले असतात. एकाने पान सोडलंय, दुसऱ्याने कधी काही केलंच नाही, त्याला नुसतंच पाठवलेलं असतं. आम्ही रस्त्यावरची वाहनं बघतो, पाण्याची टाकी कधी धुणार यावर थोडं बोलतो आणि अर्धा तास झाला की आपापल्या घरी जातो.